शिसवी रंध्याचं पुढचं टोक

लोकांना हत्यारं वापरता येत नाहीत, हे मी एक वेळ समजून घेईन. पण त्यांना ती नीट ठेवताही येत नाहीत. माझ्याकडे येणारा प्रत्येक जुना रंधा कुणाच्या तरी अकलेचं प्रमाणपत्र सोबत घेऊन येतो. एकानं रंध्याच्या पाठीवर खिळे ठोकून सरळ केलेले असतात. एकानं तळाला हिरवा ऑइलपेंट फासलेला असतो, खिडकीला लावून उरलेला. एका महाभागानं पातं उलटं बसवलं होतं आणि 'हा रंदा चालतच नाई' म्हणून त्या रंध्यानं बारा वर्षं कोंबड्यांच्या खुराड्याचं दार टेकवून ठेवलं होतं. कोंबड्यांनी मात्र आपलं काम चोख केलं होतं. ते खरवडायला मला दोन दिवस लागले.

मी एका सरकारी तांत्रिक शाळेत बत्तीस वर्षं सुतारकाम शिकवलं. निवृत्त झाल्यावर चिमूरला घराच्या मागे टिनाचं शेड टाकलं आणि जुने रंधे गोळा करून दुरुस्त करू लागलो. लोखंडी, लाकडी, हातभर लांब, वितीएवढे, मिळतील तसे. वरोऱ्याला एक भंगारवाला आहे. तो लोखंडी रंध्याची लाकडी मूठ आधी हातोडीनं फोडून काढतो, कारण त्याला फक्त लोखंडाशी मतलब. कुणाच्या तरी तळहातानं आयुष्यभर घासून गुळगुळीत केलेली मूठ हा माणूस चहाखाली जाळतो. मी त्याला एकदा अर्धा तास समजावून सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुमाले मूठ पाह्यजे का रंदा पाह्यजे?" अशा माणसाशी पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

तिकडे फोनवर व्हिडिओ बघून शहाणी झालेली नवी पोरं आहेत. त्यांना वाटतं, रंधा दुरुस्त करणं म्हणजे तो चमकवणं. ग्राइंडर घेतात आणि पातं निळं-जांभळं होईपर्यंत त्यावर धरतात. वर त्या रंगाचे फोटो काढून मला पाठवतात, "सर, कसं दिसतं?" मी उत्तर देतो, "मेलेलं दिसतं." तापून पोलादाचा रंग बदलला की त्याचं पाणी गेलं, धार दुपारपर्यंतही टिकणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तर राग येतो.

खरं काम डोळ्यांचं आणि सबुरीचं असतं. रंध्याच्या तळावर शिसपेन्सिलीच्या रेघा मारायच्या, जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरून तळ त्यावर घासायचा आणि रेघ कुठे शिल्लक राहिली ते बघायचं. राहिली तिथे खड्डा. पुन्हा रेघा, पुन्हा घासणं. मग पात्याची पाठ सपाट करायची, मग धार, मग पात्याला धरून ठेवणारी पाचर. सगळ्यात शेवटी तोंड, म्हणजे तळाची ती फट जिच्यातून पातं बाहेर डोकावतं. ती फट जितकी अरुंद तितका पापुद्रा बारीक निघतो. माझ्या हातून गेलेल्या रंध्याचा पापुद्रा वर्तमानपत्रावर ठेवला, की खालची बातमी वाचता आली पाहिजे, ही माझी कसोटी. बायको म्हणते, वर्तमानपत्र तसंच वाचलं तर काय बिघडतं?

ताडोब्याच्या वाटेवर एकानं रिसॉर्ट बांधलं आहे. तो एकदा गाडी घेऊन आला आणि सहा रंधे मागू लागला. मी मोठ्या उत्साहानं पाती काढून दाखवायला लागलो, तर म्हणतो, "धार-बिर नको सर, आणि गंज काढू नका. गेस्टला गंज आवडतो." त्याला रंध्याच्या तोंडातून स्क्रू मारून ते भिंतीवर ठोकायचे होते. त्या भिंतीवर एका बैलगाडीच्या चाकाला त्यानं आधीच फाशी दिलेली होती, फोटो दाखवला मला. मी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. चहा पाजला याचं अजून वाईट वाटतं.

आणि जे कसबी म्हणवतात त्यांचं काय सांगावं. खंडेनवमीला हत्याराची पूजा करायची म्हणून हळदकुंकू पाण्यात कालवून थेट पात्यावर थापतात आणि दिवाळीपर्यंत पुसत नाहीत. वर्षभर हाल करायचे आणि एक दिवस हळदकुंकू लावायचं, हीच रीत आपल्याकडे बायकांनाही लावतात, तिथे रंध्याची काय कथा. मी शिकवलेली बहुतेक पोरं आज प्लायवूड कापून त्यावर सनमायका चिकटवतात आणि दुकानावर 'फर्निचर' अशी पाटी लावतात. त्यातल्या एकाचं दुकान कुरखेड्याला आहे आणि सासुरवाडी चिमूरला. सासुरवाडीला आला की तो माझ्याकडे डोकावतो. एका पावसाळ्यात तो आला तेव्हा मोटरसायकलला युरियाच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं होतं.

"सर, आमच्या तिकडच्या एका म्हाताऱ्या वाढयाचा रंदा हाये," तो म्हणाला. वाढई म्हणजे सुतार. "पाचर ढिली झाली, पातं सरकते. नवी पाचर बसवून द्या म्हणते. तेवढंच."

पोतं सोडता सोडता त्यानं बाकीचं सांगितलं. म्हातारा दोन वर्षांपूर्वी छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना घरावरून पडला, तेव्हापासून त्याचा उजवा खांदा गेला. गावात त्याला आता कुणी काम देत नाही. शेजाऱ्यानं तेवढं एक दार सांगितलं होतं, शेजाऱ्याच्याच बांधावरच्या सागाचं. पण अट घातली होती की पोळ्याच्या आत दार झालं पाहिजे, नाहीतर वडशावरून तयार आणणार.

"हे दार गेलं सर, त मंग बुढ्याचं सुतारकाम संपलं समजा," विद्यार्थी म्हणाला. "पण लय घाई नाई. रोवणं आटोपलं का मंग सुरू करतीन."

"रोवण्याचा आणि रंध्याचा काय संबंध?" मी विचारलं.

"बाई रोवण्यावर जाते नं जी. थे मोकळी झाली का मंग."

मी हसलो. म्हणजे बायको चिखलात धान रोवून येणार, तोवर हा बाजेवर पडून राहणार. कारागिरांच्या आळसावर मी वर्गात एक तास घेऊ शकलो असतो, आणि खरं सांगायचं तर घ्यायचोही.

रंधा मात्र पाहण्यासारखा होता. शिसवाचा, दीड हात लांब, कुणीतरी घरीच घडवलेला, तेलानं आणि घामानं काळा कुळकुळीत झालेला. असं लाकूड आता बघायलाही मिळत नाही. पण त्याची दशा बघून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड एवढं फाकलेलं की उंदीर आत शिरून संसार मांडेल. पात्याची धार मधे फुगीर. आणि पुढच्या टोकाला, या बाजूनं त्या बाजूपर्यंत आरपार, बोटाएवढं जाड भोक. भोकाच्या कडा झिजलेल्या, आणि तिथून टोकाकडे केसासारखी चीर गेलेली. एवढ्या देखण्या वस्तूला भोक. मी फोन करून विद्यार्थ्याला सांगितलं, "कुणीतरी खुंटीला टांगायला भोक पाडलेलं दिसतंय, कंदील टांगतात तसं." तो म्हणाला, "असन सर."

मला फक्त पाचर बसवायला सांगितलं होतं. पण नुसती पाचर बसवून असला रंधा माझ्या शेडमधून बाहेर जाऊ द्यायचा, म्हणजे माझीच इभ्रत गेली. मी बारीक दात्यांच्या करवतीनं पुढचं टोक भोकासकट चार बोटं कापून टाकलं आणि कापलेल्या जागी सुंदर गोलाई दिली. तळ सपाट केला. तोंडापाशी खालून खाच घेऊन त्यात खैराचा तुकडा बसवला आणि फट इतकी अरुंद केली, की तिच्यात पोस्टकार्ड जेमतेम जाईल. पात्याची फुगीर धार काढून सरळ केली. पाचर सगळ्यात शेवटी, एका तासात झाली. या सगळ्याला तीन आठवडे गेले. पहिला पापुद्रा निघाला तो पंख्याच्या वाऱ्यानं उडून शेजाऱ्याच्या अंगणात गेला.

असा रंधा पोत्यात बांधून पाठवायचा नव्हता. मी तो नव्या टॉवेलमध्ये गुंडाळला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्वतः निघालो. चिमूरहून नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, कुरखेडा, अर्धा दिवस बसमध्ये. मला म्हाताऱ्याचं तोंड बघायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा खरा रंधा हातात आल्यावर माणूस कसा दिसतो ते बघायचं होतं. कुरखेड्यावरून विद्यार्थ्यानं मोटरसायकलवर त्या गावात नेलं. रोवणी आटोपली होती, धानाच्या बांध्या हिरव्यागार होत्या आणि पोळा दहा दिवसांवर आला होता.

घर मातीचं, पुढे सपरी, म्हणजे उतरत्या छपराची मोकळी ओसरी. तिथे सागाच्या पाच फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, करवतीवरून आल्या तशाच खरबरीत. म्हातारा बारीक अंगाचा, कमी बोलणारा. त्यानं डाव्या हातानं रंधा घेतला, उजवा फक्त खाली लावला. पाचरीवर बोटानं टिचकी मारून बघितली.

"पाचर मस्त बसली जी," तो म्हणाला.

मग त्याचा अंगठा लाकडावरून पुढे पुढे सरकत गेला. गोलाईपाशी थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मी वाट बघत होतो. त्यानं आत हाक मारली.

बाई लुगड्याला हात पुसत बाहेर आली. रंधा आलेला बघून तिला आनंद झाला, हे मला स्पष्ट दिसलं. तिनं एक फळी खाली आडवी टाकली, छपराच्या बांबूत खोचलेलं वीतभर लांबीचं एक दांडकं काढलं. त्याच्या मधोमध निळी नायलॉनची दोरी बांधलेली होती. फळीच्या एका टोकाला म्हातारा बसला, दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे तोंड करून ती बसली, आणि पायाच्या टाचा तिनं जमिनीत पुरलेल्या एका ओंडक्याला टेकवल्या. मग दोरीचं टोक हातात धरून तिनं रंधा उलटसुलट करून बघितला.

"भाऊ," तिनं मला विचारलं, "दोरी कुठी बांधू?"

मी तिला समजावलं. त्या वेळी मी जे बोललो ते सगळं मला आठवतं आणि ते इथे लिहायची माझी इच्छा नाही. थोडक्यात सांगायचं, तर रंधा हे एका माणसाचं हत्यार आहे, धार नीट असली की ओढायला दुसरा माणूस लागत नाही, आणि आजवर त्यांनी जे केलं ती गाढवमेहनत होती, असं मी अत्यंत शुद्ध मराठीत सांगितलं. मग करून दाखवलं. मला खाली बसून काम येत नाही, म्हणून फळी बाजेवर ठेवायला लावली. चारदोन माणसं जमली होती, दाराचा मालक, म्हणजे तो शेजारीही, सुपारी चघळत येऊन उभा राहिला. मी तीन हात मारले. पापुद्रा सळसळत निघाला आणि लोक "वा" म्हणाले. तो पापुद्रा मी म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला.

त्यानं तो उजेडात धरून बघितला. "लय बारीक हाये," तो आदरानं म्हणाला. मग फळीकडे बघून विचारलं, "सर, या फळीचं दोन सूत उतरवा लागते. असे किती काढा लागतीन?"

दोन सूत म्हणजे पाव इंच. मी मनात हिशेब केला आणि म्हणालो, "सबुरी ठेवावी लागते."

"हो जी," तो म्हणाला आणि उठून बाजेपाशी आला. त्यानं डाव्या हातानं रंधा रेटला. उजवा हात वर ठेवलेला होता, पण त्यात जोर नव्हता. रंधा हातभर गेला आणि थांबला. त्यानं तो मागे घेतला, पुन्हा रेटला, पुन्हा तेवढ्याच जागी थांबला. तिसऱ्यांदा तो खांद्याच्या कळेनं कळवळला, ते मला दिसलं आणि सगळ्यांनाच दिसलं. मालकानं सुपारी थुंकली.

"पोळा धा दिवसावर आला, बाप्पा," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

बाई माझ्याशी वाद घालत बसली नाही. तिनं घरातून गिरमिट आणून नवऱ्याच्या हातात दिलं. मी कापून गोल केलेल्या टोकात, तोंडाच्या दोन बोटं पुढे, त्या दोघांनी मिळून नवं भोक पाडायला घेतलं. ती रंधा पायात दाबून धरत होती आणि तो डाव्या हातानं गिरमिट फिरवत होता. तिथे जागा नव्हती. त्यातून तोंडापाशी मी खालून खाच घेतली होती, त्यामुळे लाकूड आधीच पातळ झालेलं होतं. मला हे सगळं दिसत होतं आणि मी गप्प उभा होतो. मग म्हाताऱ्यानं हातोडीनं पातं खाली उतरवलं, एक हात मारून बघितला. जाड छिलका माझ्या अरुंद तोंडात अडकून बसला. त्यानं पटाशी घेतली आणि माझा खैराचा तुकडा दोन ठोक्यांत उडवून दिला. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

फळी पुन्हा खाली आली. बाईनं दोरी ओवून गाठ मारली, टाचा ओंडक्याला लावल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो रेटायला लागला आणि त्याच क्षणी तिनं ओढलं. रंधा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेला. बोटाएवढा रुंद, जाड छिलका गुंडाळत बाहेर पडला. त्यानं रंधा मागे घेतला, तोवर ती पुढे वाकून तयार. पुन्हा. एकाचा श्वास संपला की दुसऱ्याचा सुरू होत होता. दहा-बारा हातांत त्यांनी एवढं लाकूड काढलं, की तेवढ्याला माझ्या रंध्याला दुपार लागली असती. म्हाताऱ्याच्या खांद्यावर काहीच भार नव्हता. त्याला फक्त दिशा द्यायची होती, जोर सगळा तिचा होता. मालकही जरा जवळ येऊन बघू लागला. मला वाटलं, निभावलं.

फळीत एक गाठ होती. त्यांना माहीत होती, कारण तिथे पोचताना ती जरा जास्त वाकली आणि तिनं अंगातलं सगळं बळ लावून ओढलं. कडाड असा आवाज आला. रंध्याचं तोंडापुढचं सगळं लाकूड फाटून दोरीसकट तिच्याकडे गेलं आणि ती कोपरावर मागे पडली. कुणी हसलं नाही. त्या वेळी कुणीतरी हसायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

"राहू द्या आता, बाप्पा," मालक म्हणाला. ते तो म्हाताऱ्याला म्हणाला, आणि वाईट बोलला असंही नाही.

माझा विद्यार्थी पुढे झाला. त्यानं आवाज खाली करून मालकाला सांगितलं की वडशाला जायची गरज नाही, त्याच्या दुकानात तयार दारं आहेत, माप दिलं तर परवा आणून बसवून देतो. दोघं चौकट मोजायला गेले. मी शिकवलेला पोरगा. मला त्याला दोन शिव्या द्यायच्या होत्या, पण कुठल्या तोंडानं देणार होतो? मी म्हाताऱ्याला म्हणालो, माझ्याकडे लोखंडी रंधे आहेत, उद्या घेऊन येतो, फळ्या मीच रंधून देतो. त्यानं माझ्या हातांकडे बघितलं.

"तुमी कायले तरास घेता, सर," तो म्हणाला. मग त्यानं जमिनीवरचे छिलके डाव्या हातानं एकत्र केले आणि चुलीसाठी टोपलीत भरले. बाईनं दोरी सोडली, दांडक्याला गुंडाळली आणि दांडकं आत घेऊन गेली. आतून येताना तिनं चहा आणला.

आता जे लिहितो ते मी तिथे कुणाला सांगितलं नाही आणि घरी बायकोलाही सांगितलेलं नाही. ते भोक मी ओळखलं होतं. खुंटीला टांगायचं भोक म्हणून मी फोनवर जे सांगितलं, ती थाप होती. माझे मामा सुतार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायचो, तेव्हा मामा रंधा रेटायचे आणि समोर बसून मामी ओढायची. तिच्या दोन्ही तळहातांवर दांडक्यानं आडवा घट्टा पडलेला होता. त्या हातानं ती माझ्या पाठीला तेल लावायची तेव्हा तो टोचायचा. पुढे तांत्रिक शाळेत पहिल्याच दिवशी शिक्षकांनी विचारलं, रंधा कुणी चालवताना पाहिलाय? मी उभं राहून सांगितलं, दोघं मिळून चालवतात, मामी ओढते. सगळा वर्ग हसला. शिक्षक म्हणाले, "ही गावठी पद्धत विसरायची." पुस्तकातल्या चित्रात बूट घातलेला एक माणूस टेबलापाशी एकटा उभा होता. मी ती पद्धत विसरलो नाही, फक्त पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही, आणि पुढे बत्तीस वर्षं माझ्या वर्गात कुणी तसं काही बोललं की मीही बाकीच्यांना हसायला लावलं. त्या शिसवी रंध्याच्या भोकात निळ्या नायलॉनचे दोन धागे अडकलेले होते. ते मी फुंकर मारून उडवले आणि मग करवत लावली. रोवणं आटोपल्यावर काम सुरू करतील, हे ऐकलं तेव्हाच मला सगळं समजलं होतं. असलं भोक असलेला रंधा माझ्या हातून गेला असं कुणी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं.

विद्यार्थी मापात गुंतला होता, म्हणून बाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वाटेत ती चिखल चुकवायला सांगत होती, माझे बूट खराब होतील म्हणून. तिच्या कोपराला खरचटलं होतं, त्यावर तिनं हळद लावली होती. रस्त्यावर आम्ही बसची वाट बघत उभे राहिलो.

"भाऊ, एक इचारू का?" ती म्हणाली. "तुमाले मालूम नोतं का, थे भोक कायचं होतं थे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दिवसभर मी तिच्याशी पुस्तकी बोललो होतो. आता तोंडातून आलं ते मामीच्या घरचं बोलणं.

"नाई जी," मी म्हणालो. "मालूम नोतं."

तिनं मान हलवली. "मंग तुमचा का दोष. मालूमच नाई त माणूस का करन."

अडाणी माणसाला अशी माफी देता येते, पण ती मी बत्तीस वर्षांत कुणालाच दिली नव्हती. ती माफी मी खोटं बोलून घेतली आणि परत करायचं धैर्य मला झालं नाही. बस आली. तिनं हात दाखवून ती थांबवली आणि कंडक्टरला सांगितलं, "भाऊले बसाले जागा द्या, लय दुरून आले आमच्या कामासाठी." कंडक्टरनं एका माणसाला उठवलं, आणि मी त्याच्या जागेवर बसलो.